लेक लागली तेव्हा

शाळेत गणिताला वापरतात तसली चौकटीची वही माझ्यासमोर आहे. दोनशे पानी, कोपरे दुमडलेले, मधल्या एका पानावर चहाचा डाग. त्याच पानावर मी एक खोटं लिहिलं आहे. २६ वर्षं मुलांना सांगत आले की उत्तर चुकलं तर चालेल, पण ताळा जुळवायला आकडा बदलायचा नाही. आणि मीच ४,७८० मीटर उंचीवर, ल्होनाक नावाच्या जागी, हेडटॉर्चच्या उजेडात 'डोकं' या रकान्यात शून्य लिहिलं. कवटीच्या आत कुणी मुसळ घेऊन कांडत बसलंय, असं त्या वेळी होत होतं.

कांचनजंगाच्या उत्तर बेसकॅम्पला, म्हणजे पांगपेमाला, जायचं हे माझ्या मनात फार जुनं होतं. लग्नानंतर आम्ही दार्जिलिंगला गेलो होतो. चार दिवस नुसते ढग. पाचव्या दिवशी, सामान जीपवर चढत असताना, दहा मिनिटं पडदा सरकला आणि सगळ्या ढगांच्याही वर, जिथे डोंगर असू शकेल असं वाटलंच नव्हतं तिथे, तो दिसला. ८,५८६ मीटर, जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं शिखर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेच सगळ्यांत उंच समजलं जाई. मी इंदूरची, रामबागेत वाढलेली. आमचं गाव समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, आणि डोंगर म्हणजे रालामंडळची टेकडी. त्या दहा मिनिटांचं काय करायचं हे मला पुढची कित्येक वर्षं कळलं नाही. शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा कळलं.

हा भाग नेपाळच्या पूर्व टोकाला, ताप्लेजुंग जिल्ह्यात येतो आणि प्रतिबंधित क्षेत्रात मोडतो. आम्ही गेलो तेव्हा परवान्यासाठी निदान दोन ट्रेकर आणि परवानाधारक गाईड लागत होता. एकट्याला प्रवेश नव्हता. देवासची माझी मैत्रीण येणार होती, पण ऑगस्टमध्ये तिचा गुडघा गेला. मी घरी चहा करता करता म्हटलं, आता राहिलं. माझी नणंद ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, "मी येते की."

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठ्या. सुदामा नगरात राहतात आणि घरगुती मसाले करून विकतात. गोडा मसाला, काळा मसाला, मेतकूट. पहाटे साडेचारपासून डंकावर उभं राहणारी बाई. त्यांनी कधी ट्रेक केला नव्हता, पण दमलेल्याही मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

घरात प्रश्न उभा राहिला तो तारखांचा. पाऊस ऑक्टोबरमध्ये हटतो आणि नोव्हेंबर सरता सरता वरच्या खोल्या बंद व्हायला लागतात. म्हणजे जायचं ते दसरा-दिवाळीच्या मधेच. "ऐन सणात दोघी बायका घराबाहेर?" असं सासूबाई म्हणाल्या. रागानं नाही, पण म्हणाल्या. मी पंचांग उघडून बसले. कोजागिरीला ताप्लेजुंग, नरक चतुर्दशीला घरी. "लक्ष्मीपूजनाला मी देवापुढे असेन," असा शब्द मी त्यांना दिला. हा शब्द पुढे माझ्या मानेवर बसणार होता.

तयारी आम्ही चार महिने केली. रोज सकाळी रालामंडळ, पाठीवर सॅक, आणि सॅकमध्ये ताईंच्या मसाल्याची एकेक किलोची आठ पाकिटं. रविवारी जानापाव नाहीतर पातालपाणी-चोरलकडची चाल. ऑक्टोबरपर्यंत मी रालामंडळ न थांबता चढत होते आणि त्याचा मला फार अभिमान वाटत होता. तो अभिमानच घातक होता. पाय तयार झाले म्हणून रक्त तयार होत नाही. उंचीवर जो जोमदार असतो तो भराभर चढतो, आणि भराभर चढणाऱ्यालाच आधी गाठतं.

ते का, हे मी मुलांना समजावते तसं सांगते. वर गेल्यावर हवेतला ऑक्सिजन 'संपत' नाही. प्रमाण तेच, २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. पांगपेमाला तो समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जरा जास्त उरतो, म्हणजे एका श्वासात निम्माच ऐवज. शरीर मग श्वास वाढवतं. पण जास्त श्वास घेतल्यानं कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालतो. ही अडचण सोडवतात मूत्रपिंडं. ती बायकार्बोनेट बाहेर टाकतात आणि रक्ताचा तोल परत आणतात. त्याला दिवस लागतात. डायमॉक्स नावाची गोळी मूत्रपिंडांचं हेच काम लवकर घडवते, म्हणून ती घेतली की सारखं लघवीला होतं आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. आमच्या डॉक्टरांनी आधी सल्फाची ॲलर्जी आहे का ते विचारलं, मग १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ लिहून दिली. गोळी मदत करते, दिवसांची जागा घेत नाही. म्हणून नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबायचं.

वही त्यासाठीच घेतली. दोघींची वेगवेगळी पानं. रकाने: तिथी, जागा, उंची, ऑक्सिजन, नाडी, आणि मग चार लक्षणं: डोकं, पोट, थकवा, चक्कर. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. जगभरचे डॉक्टर हीच पद्धत वापरतात, तिला लेक लुईस गुणांक म्हणतात. डोकं दुखतंय आणि बेरीज तीन किंवा जास्त, तर उंचीचा आजार धरायचा आणि वर जायचं नाही. ऑक्सिमीटर कोरोनात घेतलेलाच होता.

महूहून सुटणारी कामाख्या एक्सप्रेस आठवड्यातून एकदाच असते. तिनं न्यू जलपाईगुडी, तिथून सिलिगुडी, पानीटंकीला मेची नदीवरचा पूल ओलांडला की नेपाळमधलं काकडभिट्टा. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे केलं, शंभराच्या नोटा बदलल्या. एकाचे एक रुपया साठ पैसे, हा दर ठरलेलाच आहे. मग इलामचे चहाचे मळे, फिदीम, आणि हाडं खिळखिळी करणारा रस्ता.

ताप्लेजुंगच्या अलीकडे एका वळणावर ताई एकदम ओरडल्या, "थांबवा!" ड्रायव्हर घाबरला. त्यांना वास आला होता. रस्त्याच्या खाली, ओढ्याच्या सावलीत, हळदीच्या पानांसारखी उंच रोपं आणि कडेला मातीच्या भट्टीतून निघणारा धूर. मसाला वेलची. ही काळी, जाड सालीची वेलची जन्मभर पोत्यांतून विकत घेतलेली बाई त्या भट्टीपाशी उभी राहिली आणि हात आत घालून धुरावर वाळणारे दाणे चाचपत राहिली. "म्हणजे हा वास धुराचा असतो," त्या हळूच म्हणाल्या. "मी तीस वर्षं समजत होते, वेलचीचाच." तिथून मूठभर वेलची घेतली, ती शेवटपर्यंत त्यांच्या जॅकेटच्या खिशात होती.

ड्रायव्हरच्या कपाळावर दही-तांदळाचा लालभडक टिळा आणि कानामागे पिवळे अंकुर होते. घटस्थापनेला पेरलेले जव. ते त्याला जमरा म्हणतात. आमच्याकडे घटातलं धन उपटून पुरुष टोपीत खोवतात, तेच. त्यांचं दशैं कोजागिरीला संपतं आणि त्या रात्रीला तेही कोजाग्रत पौर्णिमाच म्हणतात. लॉजच्या स्वयंपाकघरात ताईंनी दूध आटवलं. आमचा गाईड तिथेच भेटला. चाळिशीचा, लिंबू समाजाचा, मोजकं बोलणारा. "सेवारो," म्हणाला, त्यांच्या भाषेतला नमस्कार. मसाला दुधाचा पेला दोन्ही हातांनी घेतला. मग माझी वही मागितली आणि सगळे रकाने नीट पाहिले.

"चांगलं आहे," तो हिंदीत म्हणाला. "पण दिदी, खरं लिहायचं."

मला तेव्हा ते थोडं लागलं.

अर्धा दिवस जीपनं सेकाठुम, आणि तिथून पाऊलवाट. घुन्सा नदीच्या काठानं, झुलत्या पुलांवरून, दिवसभर पाण्याच्या गर्जनेत. अंजिलोसाच्या आधीची चढण पायांची परीक्षा घेते. तिथे रालामंडळनं हात दिला. ग्याब्ला, मग चौथ्या संध्याकाळी घुन्सा. लाकडी घरं, छपरांवर दगड, प्रत्येक घरापुढे वाऱ्यानं विटलेली पताका. गावाभोवतीची लार्चची झाडं सोनेरी झालेली. सूचिपर्णी झाड पानं गाळतं हे मला ठाऊकच नव्हतं. हे गाव एका मोठ्या दुःखाचंही आहे. २००६ च्या सप्टेंबरमध्ये कांचनजंगा संरक्षित क्षेत्राचा कारभार सरकारनं स्थानिक लोकांच्या हाती सोपवला, त्यानिमित्त पाहुणे इथे आले होते. २३ तारखेला त्यांना घेऊन इथून निघालेलं हेलिकॉप्टर कोसळलं आणि आतले २४ जणही गेले. नेपाळचे मोठमोठे निसर्गरक्षक त्यात होते. लॉजच्या म्हातारीनं ती सकाळ सांगितली तेव्हा तिचे हात बटाटे सोलायचे थांबले नव्हते.

घुन्साला एक दिवस थांबलो. ऑक्सिजन ९१, ताईंचा ९२. सगळे शून्य. ते शून्य खरे होते.

सहाव्या दिवशी खांबाचेन, सुमारे ४,१०० मीटर. वाटेत दरड कोसळलेला एक पट्टा लागतो. वरून दगड येतात, म्हणून न बोलता, न थांबता, एकेकानं पार करायचा. खांबाचेनला दोन रात्री, कारण पुढची उडी मोठी होती, जवळजवळ ७०० मीटरची. मधल्या दिवशी कुंभकर्णाच्या पायथ्याकडे चालून आलो. ७,७१० मीटर उंच, खांदे असलेला, बसलेला पर्वत. लिंबू लोकांना तो फार पवित्र. फक्ताङलुङ म्हणतात, आमच्या गाईडनं त्याच्याकडे पाहून टोपी काढली. त्या संध्याकाळी कपाळात बारीक ठणका सुरू झाला. मी 'डोकं: १' लिहिलं, पाणी प्यायले, सकाळी गेला. असा एक गुण जवळपास सगळ्यांना येतो. त्याचं काही नाही.

आठव्या दिवशी ल्होनाक. झाडं कधीच मागे पडली होती. हिमनदीच्या काठचा रखरखीत, वाळलेल्या गवताचा पट्टा, त्यावर दगडाच्या तीन-चार खोल्या. चुलीत याकच्या शेण्या. पोहोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. चारला डोकं दुखायला लागलं, सहाला मळमळ. जेवणघरात डाळीचा वास आला तशी मी बाहेर जाऊन उभी राहिले आणि वारा खातेय असं दाखवलं.

का लपवलं? पंचांग माझ्या डोक्यात होतं. उद्या पहाटे पांगपेमा, परवा घुन्सा, आणि मग बरोब्बर चतुर्दशीला इंदूर. एक दिवस जरी गेला तरी लक्ष्मीपूजन हुकणार, आणि देवापुढे सासूबाई एकट्या. हे एक कारण. दुसरं याहून जुनं आहे. आमच्या घरांतून बाईला "काय गं, बरं नाही का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. काही नाही, बरी आहे. ताप असला तरी, पाळीत कंबर मोडत असली तरी, भाजलेल्या बोटावर पाणी सोडत सोडत. माझी आई असं म्हणायची, मीही म्हणते. तो आमच्या जिभेला लागलेला वळसा आहे आणि त्याला आम्ही चांगुलपणा समजतो. इंदूरच्या स्वयंपाकघरात तो खपून जातो. ल्होनाकला त्यानं माणूस मरतं. तिथे तुमच्या आत काय चाललंय हे फक्त तुम्हालाच कळत असतं, आणि तुम्ही ते सांगितलंत तरच बाकीचे काही करू शकतात.

गाईड रोजच्यासारखा आला. "दिदी, टाउको?" टाउको म्हणजे डोकं.

"ठीक आहे," मी म्हटलं.

ऑक्सिजन ७९ होता. ताईंचा ८४. माझी बोटं गार आहेत म्हणून कमी दाखवतंय, असं मी म्हटलं. आणि तसं होतंही कधीकधी, म्हणून ते खोटं पचलं. मग डोक्यापुढे शून्य, पोटापुढे शून्य लिहून वही मिटली आणि स्लीपिंग बॅगेत शिरले.

ताई झोपल्या नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांनी उशाशी पडलेली वही उचलली. त्यांना आकड्यांत रस नसतो. मसाल्याचं माप त्या डोळ्यांनी आणि नाकानं घेतात, वजनकाटा फक्त गिऱ्हाइकासाठी. त्यांनी पान टॉर्चपाशी नेलं, मागचं पान पाहिलं, पुन्हा हे पाहिलं.

"वहिनी, उठ."

"काय झालं?"

"हे तुझं अक्षर नाही."

मी उठून पाहिलं. एका चौकटीत एक आकडा, ही माझी सवय. इतक्या वर्षांच्या फळ्यावरच्या रेघा आहेत त्या. त्या पानावर ७९ मधला नऊ शेजारच्या चौकटीत उतरला होता, सगळी ओळ उजवीकडे घसरत खाली गेली होती आणि शून्यं मिटलीच नव्हती. उघड्या तोंडाची दोन शून्यं. लिहिताना मला ओळ सरळ दिसली होती.

"आणि संध्याकाळी तू सेव घेतली नाहीस," ताई म्हणाल्या. इंदूरहून आणलेली लसणाची सेव रोज चहाबरोबर मीच मागून घ्यायची. "दुखतंय ना?"

मी काही बोलले नाही. त्या स्वेटर चढवून बाहेर गेल्या आणि गाईडला घेऊन आल्या. तो चिडला नाही. त्यानं मला जमिनीच्या दोन फळ्यांमधल्या फटीवरून चालायला लावलं, टाच पुढच्या पायाच्या अंगठ्याला लावत. तोल जायला लागला तर मेंदूला सूज येतेय असं समजायचं आणि मध्यरात्र असली तरी खाली निघायचं. मी सात पावलं गेले आणि परत आले. तोल गेला नाही. मग त्यानं श्वास ऐकला, खोकला आहे का विचारलं. नव्हता. "लेक लाग्यो," तो म्हणाला.

लेक म्हणजे त्यांच्या भाषेत डोंगराचा उंच भाग. उंचीचा त्रास झाला की लेक लागली म्हणतात. त्या अवस्थेतही माझ्या मनात आमची लेक आली, जी मला निघताना म्हणाली होती, "आई, काही झालं तर सांगशील ना गं? तू सांगत नाहीस." मी उशीत तोंड घालून रडले. गाईड दाराशी उभा होता. तो इतकंच म्हणाला, "दिदी, लाज कशाची? मलाही दुखतं."

खरी बेरीज आम्ही त्याच रात्री केली. डोकं ३, पोट २, थकवा १, चक्कर १. सात. ताईंनी लिहिली, मी सांगितली. उघडी शून्यं खोडली नाहीत, ती तशीच आहेत.

ती रात्र फार मोठी होती. पॅरासिटामॉलनं ठणका उतरला नाही. बाराच्या सुमाराला उलटी झाली. ताई मला धरून बाहेर घेऊन गेल्या तेव्हा अष्टमीचा अर्धा चंद्र नुकताच वर येत होता आणि हिमनदीपलीकडची शिखरं उजळलेली होती. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. पुन्हा आडवी झाले तरी झोप लागेना, कारण डोळा लागला की छातीवर कुणी बसल्यासारखं होऊन दचकून जाग यायची. ताईंनी नंतर सांगितलं की माझा श्वास थांबायचा. पाच-सहा खोल श्वास, मग काहीच नाही, त्या मोजत बसायच्या, आणि मग एकदम हबक्यानं सुरू. उंचीवर बऱ्याच जणांचं झोपेत असं होतं. श्वासाचा तो लगाम ओढला जातो आणि सुटतो. पण मोजणाऱ्याला ते ठाऊक असून काय उपयोग? ताई रात्रभर बसून होत्या, माझ्या पाठीवर हात ठेवून.

पहाटे बेरीज तशीच. गाईडनं विचारलंसुद्धा नाही, सॅक बांधायला घेतली. आम्ही पांगपेमाकडे पाठ करून उतरायला लागलो.

उतरताना जे झालं ते मी कधी विसरणार नाही. पहिला तासभर प्रत्येक पाऊल डोक्यात वाजत होतं. मग तीनेकशे मीटर खाली आल्यावर, ओढ्यापाशी, मी पाणी प्यायला वाकले आणि लक्षात आलं की वाकता येतंय. घट्ट बांधलेल्या अंबाड्यातून कुणी एकेक आकडा काढावा तसा ठणका सुटत गेला. खांबाचेनला पोहोचले तेव्हा भूक लागली होती. उकडलेले बटाटे, मीठ आणि मिरचीची चटणी. चार बटाटे खाल्ले. ताई समोर बसून बघत होत्या, आणि मग त्यांनी सेवेची पिशवी पुढे सरकवली.

तिथे आणखी एक दिवस थांबलो. इंदूरला फोन लावायचा तर घुन्साला उतरायला हवं होतं, म्हणून तेही राहिलं. ताई म्हणाल्या, "लक्ष्मी दरवर्षी येते. ह्या वर्षी माझ्या भावाला करू दे पूजा." दोन दिवस बेरीज शून्य आली, खरी शून्य, आणि मगच गाईड म्हणाला की हवं तर पुन्हा जाऊ. निर्णय त्यानं माझ्यावर सोडला नाही. ताईंवर सोडला. त्या म्हणाल्या, "जाऊ. पण दर तासाला मी विचारणार आणि ही सांगणार."

आणि त्यांनी विचारलं. ल्होनाकच्या त्याच वाटेवर, दर तासाला, थांबून, माझ्या तोंडाकडे बघत. सुरुवातीला जीभ अडखळायची. दोन-तीनदा "बरी आहे" येऊन गेलं. मग येईनासं झालं. "उजव्या कानशिलात थोडं." "आता नाही." "पोटात ढवळतंय, पण भुकेचं वाटतं." "पाळीसारखी कंबर धरलीय." इतकी वर्षं एका कुटुंबात काढून आम्ही एकमेकींना एवढं कधी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या तासाला मी उलट विचारलं, आणि ताईंनी थोडं थांबून सांगितलं की त्यांचा डावा गुडघा घुन्सापासून दुखतोय. त्यांनी तो कुणालाच सांगितला नव्हता. गाईडनं लगेच त्यांची सॅक स्वतःकडे घेतली.

बाराव्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. दहा-अकरा वाजले की ढग चढतात, त्याआधी पोहोचायचं. बाटलीतलं पाणी चालता चालता गोठलं. उजव्या हाताला खाली हिमनदी. पांढरी नाही, दगडमातीनं झाकलेली, नांगरून ठेवलेल्या अवाढव्य काळ्या शेतासारखी. आतून मधूनच दगड घरंगळल्याचा आवाज. उतारावर निळ्या मेंढ्यांचा कळप चरत होता. त्यांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या. शेवटच्या तासात मी वीस पावलं चालून थांबत होते. वीस पावलं, सहा श्वास. हे गणित शेवटपर्यंत टिकलं.

पांगपेमा म्हणजे गवताचं सपाट मैदान आणि दगडाच्या दोन-चार खोपट्या. उंची ५,१४३ मीटर. समोर कांचनजंगाची उत्तर भिंत. वजाबाकी मनातल्या मनात झाली: ३,४४३ मीटर. आपण बेसकॅम्पवर उभे आहोत आणि तो अजून जवळजवळ साडेतीन किलोमीटर वर आहे. दार्जिलिंगहून तो आकाशात तरंगताना दिसला होता. इथे त्याचे पाय दिसत होते. बर्फाचे लोंबते कडे, त्यांच्यामधून उतरलेले काळे खडक, आणि माथ्यावरून उडणारा बर्फाचा पिसारा. आवाज नव्हता. मी माझाच श्वास ऐकत होते.

२५ मे १९५५ ला या शिखराच्या दुसऱ्या, दक्षिणेकडच्या बाजूनं जो ब्राउन आणि जॉर्ज बँड पहिल्यांदा वर पोहोचले आणि माथ्याच्या काही फूट खाली थांबले. सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिला होता. त्यांच्यानंतरही कित्येकांनी तो पाळला. २०१९ मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमीचे १० जण एकाच दिवशी वर गेले, तेव्हा मी वर्तमानपत्रातलं ते कात्रण कापून ठेवलं होतं. तिथे उभं राहून मला चढणाऱ्यांपेक्षा त्या थांबलेल्या दोघांचंच जास्त वाटत राहिलं. एवढं चढून आल्यावर, समोर दिसत असताना, शेवटची पावलं न टाकणं.

ताईंनी एका दगडाला हळदीकुंकवाची बोटं लावली आणि खिशातली एक मसाला वेलची त्याच्यापाशी ठेवली. गाईडनं वही पुढे केली. ऑक्सिजन ७८. डोकं १, पोट ०, थकवा २, चक्कर ०. "तीन झाले," मी म्हटलं, "म्हणजे नियमानं इथे थांबायचं नाही." तो म्हणाला, "मग चला." आम्ही तिथे चाळीस मिनिटं होतो.

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीला घुन्साला पोहोचलो. चुलीशेजारी बसून घरी फोन लावला. मागे दिव्यांची गडबड ऐकू येत होती, सासूबाई कुणाला तरी तेलाचं सांगत होत्या. लक्ष्मीपूजनाला येत नाही हे मी आधी सांगितलं. भाऊबीजेला येऊ, ताईंना भावाला ओवाळायचंय. हे थोडा वेळ गप्प होते.

"ते जाऊ दे," मग म्हणाले. "तू कशी आहेस?"

मी चुलीकडे पाहिलं. ताई डावा पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या.

"सांगते," मी म्हटलं. "बसलात का? ओठ फुटलेत, रक्त येतंय. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. ल्होनाकला माझं डोकं फार दुखलं, उलटी झाली, आणि मी ते लपवलं होतं..."